चर कोणी खणला? कागद दाखवा!



एक दिवस गावच्या रस्त्याला यंत्र येते, कडेने चर खणते, चरात रंगीत नळी पुरते आणि पुढच्या गावाला निघून जाते. पहिल्या मोठ्या पावसात चर खचतो. गाडीचे चाक रुतते, नळपाण्याची पाइप फुटलेली निघते, बांधाकडचे पाणी भलतीकडे वळते. विचारायला जावे तर सरपंच कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनीचा माणूस ठेकेदाराकडे, आणि ठेकेदाराचा मुकादम सांगतो, "वरून परवानगी आहे." हे 'वर' नेमके कुठे आहे, ते शोधायची वेळ आता आली आहे.

इंटरनेटच्या तारेशी कोरडवाहू शेतकऱ्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो पोटाशी आहे. २०२१ पासून पिकाची नोंद मोबाइलवरून, ई-पीक पाहणीने होऊ लागली. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' अॅपवर आधी नोंदणी करा, असा नियम आला. शाळू पेरला, पण रेंज नाही म्हणून नोंद चढली नाही, तर सातबाऱ्यावर रान पडीकच दिसणार. सरकारने दप्तर मोबाइलमध्ये नेले. मग मोबाइल चालवणारी तार गावात आली की नाही आणि आली तर कशी आली, हे विचारणे हा आपला हक्कच झाला.

शिवाय पैसाही आपलाच आहे. टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा खेड्यापाड्यांत सेवा नेण्यासाठी २००२ पासून एका निधीत जमा होतो. आज त्याचे नाव डिजिटल भारत निधी. आपण रिचार्ज मारतो त्यातलाच हा पैसा. ग्रामपंचायतींना तारेने जोडायची योजना केंद्राने २०११ साली मंजूर केली, २०१५ मध्ये तिचे नाव भारतनेट झाले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित कार्यक्रमाला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. एवढ्या रकमेचा हिशेब दिल्लीत कोणी मागायचा तो मागो. आपल्या गावातल्या चराचा हिशेब आपणच मागायचा आहे.

बहात्तरच्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, त्या म्हाताऱ्यांना हजेरीपट काय चीज असते ते ठाऊक आहे. कामावर किती माणसे होती आणि कागदावर किती, हे हजेरीपट हाती आल्याशिवाय कळत नाही. राजस्थानात ब्यावर येथे १९९६ साली मजूर-शेतकरी धरणे धरून बसले ते अशाच कागदांच्या नकलांसाठी. आपल्या जिल्ह्याला तर ही गोष्ट नवी नाही. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण केले आणि राज्याच्या माहिती अधिकार कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी आली. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला. ज्या जिल्ह्यातून ही मागणी उठली, त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने चराकडे नुसते बघत बसावे, हे आम्हाला पटत नाही.

पहिला प्रश्न असा, की चर खणला ती जमीन कोणाची? देवळाली प्रवराचे उदाहरण घ्या. गावातला रस्ता नगरपरिषदेचा. बाहेर पडून नगर-मनमाड रस्त्याला लागले की महामार्गाचे कार्यालय वेगळे. पाटाची हद्द पाटबंधारे खात्याची. रूळ ओलांडायचे तर रेल्वे. शेजारच्या खेड्यात शिरले की ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद. तार एकच, पण कागद पाच दप्तरांत. देवळाली बागायती पट्ट्यातली आणि आपण पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेडकडचे, म्हणून दाखला परका मानू नका. रस्त्याची हद्द कोरडवाहू गावातही अशीच वाटलेली असते. चुकीच्या कार्यालयात अर्ज पडला तरी बिघडत नाही. कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

दुसरा प्रश्न, मागायचे काय? "रस्ता का खराब केला?" असे विचारू नका. माहिती अधिकारी 'का'चे उत्तर देत नाही, दप्तरात असलेला कागद देतो. म्हणून कागदाचेच नाव घ्या : कंपनीचा अर्ज आणि त्यासोबतचा नकाशा, परवानगीपत्र व त्यातल्या अटी, शुल्क भरल्याची पावती, रस्ता पूर्ववत करण्यासाठी घेतलेली रक्कम किंवा बँक हमी, काम संपल्यावरचा पाहणी अहवाल. चर बुजवायचे काम नगरपरिषदेने स्वतः केले असेल तर त्याची मोजमाप पुस्तिका आणि बिल.

इथे एक मेख आहे, ती नीट लक्षात घ्या. तारा टाकण्यासाठी २०१६ साली केंद्राने नियम केले. त्यांच्या जागी २०२४ चे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. दोन्हींत अशी तरतूद आहे, की कार्यालयाने ठरलेल्या मुदतीत निर्णय दिला नाही तर परवानगी मिळाली असेच धरले जाते. म्हणजे सहीशिक्क्याचे परवानगीपत्र कधी निघालेलेच नसेल! तुम्ही फक्त परवानगीपत्र मागितले तर "असा कागद उपलब्ध नाही" असे उत्तर येईल, आणि ते खरेही असेल. म्हणून कंपनीचा मूळ अर्ज, तो कोणत्या तारखेला मिळाला याची नोंद आणि त्यावर कार्यालयाने केलेला पत्रव्यवहार, हे तिन्ही मागा. कार्यालय झोपून राहिले असेल तर तेही त्याच तारखांतून उघडे पडेल.

अर्ज साध्या कागदावर चालतो. नेट लागत नाही, वकील लागत नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही माफ. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. माहिती कशाला हवी, हे सांगायची गरज नाही. कोणी विचारले तरी सांगू नका. नकलेला पानाला दोन रुपये. पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करा. तिथेही दाद लागली नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. नकलांआधी दप्तर डोळ्यांनी पाहायचे असेल तर तोही हक्क आहे. जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ लोकांना दप्तर दाखवावे, असे परिपत्रक राज्य सरकारने २०१८ साली काढले. बाजाराला गेलात की एखादा सोमवार त्यासाठी राखा.

नाकारायची दोन कारणे ठरलेली असतात : कंपनीचे व्यापारी गुपित आणि सुरक्षेचा प्रश्न. तारेचा बारीकसारीक नकाशा एखादे वेळी रोखला जाईल. पण अनामत किती घेतली आणि चर बुजवायची जबाबदारी कोणाची, यात गुपित कसले? कलम १० सांगते, की गुप्त भाग झाकून बाकीचा कागद द्यावा. अपिलात हेच कलम पुढे करा.

तार तुमच्या स्वतःच्या रानातून जात असेल तर गोष्ट निराळी. २०२३ च्या दूरसंचार कायद्याप्रमाणे कंपनीने आधी मालकाशी करार करायचा असतो. सार्वजनिक हिताचे कारण देऊन सरकार मध्ये पडू शकते, पण मुकादमाच्या शब्दावर पिकात यंत्र घालू देण्याचे कारण नाही. करार लेखी, पिकाची व बांधाची भरपाई त्यातच लिहिलेली, आणि एक प्रत आपल्या पेटीत.

आम्ही तारेच्या विरुद्ध नाही. तार यावी, लवकर यावी आणि शेवटच्या वस्तीपर्यंत यावी. म्हणूनच यंत्रापुढे काठ्या घेऊन उभे राहा, असे आम्ही सांगत नाही. यंत्र अडवले तर काम थांबेल आणि रेंज आणखी लांबेल. कागद मागितला तर चर बुजेल आणि कामही होईल.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने एक तरी अर्ज करून, पोच घेऊन यावे. कोणत्या कार्यालयाने काय दिले, काय नाकारले, ते बैठकीत सगळ्यांसमोर वाचू आणि अपिले तिथेच लिहू. दहा रुपयांचा स्टॅम्प महाग नाही. खचलेल्या चरात बैलाचा पाय मोडला, तर तो मात्र फार महाग पडतो.