पंखांना आधी गुरू हवा

गावातल्या एखाद्या पोराने वेल्डिंगच्या दुकानात पाइप जोडून, जुन्या मोटारीचे इंजिन बसवून ‘विमान’ उभे केले की दोन तऱ्हेची माणसं गोळा होतात. एक हसणारी, दुसरी हार घेऊन येणारी. हसणारे म्हणतात, ‘कामधंदा सोडून हे काय खूळ?’ हारवाले म्हणतात, ‘उडव की लेका, आम्ही आहोत मागं.’ आमच्या मते या दोघांचाही त्या पोराला काडीचा उपयोग नाही. उलट दुसऱ्यांपासून धोका जास्त.

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात काय झालं ते आठवावं. फारसा न शिकलेला, पण हाताचा कसबी असा एक तरुण घरच्या घरी हेलिकॉप्टर बनवत होता. जमिनीवरच चाचणी चालू असताना मागच्या पंख्याचे पाते तुटले, ते मोठ्या पंख्यावर आदळले आणि त्याचा घाव थेट पोराच्या डोक्यात बसला. पोरगा गेला. त्याच्या जिद्दीत खोट नव्हती. खोट होती ती त्याच्याजवळ बसून ‘थांब, हे पाते आधी तपासू’ असं सांगणारा जाणकार कोणी नव्हता याची.

मग अशा पोरांनी हे वेड सोडूनच द्यावं काय? मुळीच नाही. १९०३ साली पहिलं विमान उडवणारे राइट बंधू सायकलीच्या दुकानातलेच होते. पण इंजिन बसवण्याआधी त्यांनी तीन-चार वर्षे पतंगासारखी आणि बिनइंजिनाची विमाने उडवून हात बसवला, हे आपण विसरतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाच्या खेड्यातल्या बर्नार्ड पिटेनपोल या मेकॅनिकने १९२९ च्या सुमारास फोर्ड मोटारीच्या इंजिनावर लाकडी विमान उडवलं. त्याच्या नकाशांवरून आजही लोक विमानं बांधतात. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. ते २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं गेलं आणि २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. पण ध्यानात घ्या, यादव हे आधी शिकलेले वैमानिक, मग विमान बांधणारे. क्रम महत्त्वाचा.

विमान बांधणं एक विद्या, उडवणं दुसरी. नांगर बनवणारा सुतार उत्तम औत हाकेलच असं नाही. बांधायला वर्षं जातात, तेवढ्यात उडवण्याचा सराव मोडतो, आणि नेमक्या त्याच गंजल्या हाताने माणूस नवं, कोणी न पारखलेलं यंत्र वर नेतो. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास केला. सुरुवातीच्या उड्डाणांत आणि विमान नव्या मालकाच्या हाती गेल्यागेल्या अपघात जास्त होतात, इंजिन दगा देणं आणि विमानावरचा ताबा सुटणं ही मोठी कारणं, असं त्यात आढळलं. म्हणून २०१४ पासून तिथे अशा विमानाच्या पहिल्या उड्डाणांत ठराविक अटींवर सोबत दुसरा जाणता वैमानिक नेण्याची मुभा दिली आहे. तिथल्या हौशी विमानकारांची संघटना १९५३ पासून चालते. तिचे अनुभवी सभासद नवख्याचं काम तपासून चुका दाखवतात. उत्तेजन म्हणतात ते याला.

शेतकऱ्याला कळेल असं एक उदाहरण देतो. बैलगाडीत ओझं पुढं जास्त झालं की गाडी धुरजड होते, मागं जास्त झालं की उलाळ. गाडीवान उतरून पोती सरकवतो. विमानालाही हाच नियम लागू आहे, पण वर गेल्यावर उतरून पोती सरकवता येत नाहीत. मागं जड झालेलं विमान नाक वर करतं, वेग घटतो, पंखांची हवेवरची पकड सुटते. इंजिन बंद पडलं तर वेग राखायला नाक खाली घ्यावं लागतं. घाबरलेला नवखा नेमकं उलटं करतो. हे शहाणपण पुस्तकात वाचून हातात येत नाही, शेजारी गुरू बसलेला असताना पुन्हा पुन्हा करूनच येतं.

आपल्याकडे वाट लांब आहे, पण आहे. दहावी झालेल्या मुलाला सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळू शकतो. खाजगी वैमानिकाच्या परवान्याला वय १७, वैद्यकीय तपासणी, परीक्षा आणि किमान ४० तास उड्डाण लागतं. खर्च लाखांच्या घरात जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्याला तो झेपत नाही त्याने एनसीसीच्या हवाई विभागाची चौकशी करावी, आयटीआयमध्ये यंत्राचं शास्त्रशुद्ध शिक्षण घ्यावं, आधी उडती प्रतिकृती बनवावी. नोंदणी आणि परवानगीशिवाय विमान उडवणं कायद्याने गुन्हा आहे.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांना आमचं सांगणं एवढंच : असं पोरगं गावात असेल तर त्याचा जाहीर प्रयोग ठेवू नका, १५ ऑगस्टचा मुहूर्त काढून त्याला घाईला घालू नका, फिरत्या पंख्याजवळ गर्दी होऊ देऊ नका. त्याला तालुक्याच्या आयटीआयच्या मास्तरांकडे न्या, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला पत्र लिहायला मदत करा. आणि सरकारनेही एक करावं : सत्काराच्या शालीचा खर्च वाचवून अशा मुलांना शिकवणीची शिष्यवृत्ती द्यावी.

पोराच्या हातात कसब आहे, डोळ्यांत आभाळ आहे. त्याला कमी आहे तो फक्त गुरू. तो आपण मिळवून दिला नाही, तर हार मात्र फोटोला घालायची वेळ येईल.