मामाचे घर कोणत्या रकान्यात?

यवतमाळ जिल्ह्यात वंशावळ दोन कामांसाठी निघते: एक व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी, दुसरी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी. पहिलीसाठी प्रवेशाच्या दिवसांत झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांगा लागतात. दुसरी कोणी विचारली तरच सांगितली जाते, तीही अर्धी. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर ते एकाच घराचे आहेत यावर विश्वास बसत नाही.

पहिल्या वंशावळीचे व्याकरण पक्के आहे. अर्जदार, वडील, आजोबा, पणजोबा, आणि फांद्यांवर काका, चुलत काका, त्यांची मुले. पुरावा शक्यतो ठरलेल्या तारखेआधीचा हवा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ मधील माधुरी पाटील निकालाने पडताळणीची चौकट घातली, राज्याने २००० साली कायदा केला. नाते मोजायचे ते वडिलांकडचे आणि रक्ताचे.

या कागदाने माणसे जेवढी जोडली, तेवढी लग्नपत्रिकांनीही जोडली नसतील. धुऱ्याच्या भांडणापासून ज्याच्या दारात कोणी गेले नाही, त्या चुलत काकाला अचानक फोन जातो. प्रकृतीची विचारपूस दोन वाक्यांत संपते आणि तिसऱ्या वाक्यात आजोबांची टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) येते. पैनगंगेपलीकडे आदिलाबादकडे गेलेली भावकी सापडते. ज्याला आधीच व्हॅलिडिटी मिळाली आहे असा भाऊबंद तर कुलदैवताच्या खालोखाल मानला जातो. कालिदासाच्या शकुंतलेचीही ओळख अंगठीवाचून पटली नव्हती. 

या शोधातला सर्वात मोलाचा दस्तऐवज म्हणजे कोतवाल बुक, गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची जुनी वही. त्यात जन्माच्या नोंदीत बहुधा बाळाचे नाव नसते. अमक्याला मुलगा झाला एवढेच असते, आणि शेजारी जात. मृत्यूच्या नोंदीत आणखी एक रकाना असतो: मरणाचे कारण. तिथे ओळीमागून ओळ ‘ताप’ लिहिलेला सापडतो. नक्कल काढणाऱ्याचे बोट जातीच्या रकान्यावर थांबते आणि कारणाच्या रकान्यावरून घसरत जाते. एकाच बापाची तीन लेकरे पाच वर्षांच्या आत तापाने गेली, हे त्याच पानावर असते. त्यातला प्रत्येक ताप सिकलसेलचा होता असे कोणी म्हणणार नाही. हिवताप होता, देवी होती, पटकी होती. पण तो रकाना वाचावा असेही कोणाला वाटत नाही.

विदर्भातील सिकलसेलची नोंद काही नवी नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्येच ती ‘लॅन्सेट’मध्ये छापली. राष्ट्रीय निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झाले. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट. हा आजार आई-बापांकडून मुलांकडे येतो. गणित तेवढे लक्षात ठेवायचे: आई-बाप दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के. वाहक हा आजारी नसतो. त्याला गोळी लागत नाही, माहिती लागते.

इथे दुसरी वंशावळ सुरू होते, आणि तिचे व्याकरण पहिलीच्या नेमके उलटे आहे. तिला बाप लागतो तेवढीच आई लागते. आत्या लागते, मावशी लागते, आणि सर्वात आधी मामा लागतो. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रात अनेक समाजांत आहे. गोंडांत तिला ‘दूध लौटाना’, म्हणजे दूध परत करणे, म्हणत असल्याची नोंद रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात सापडते. आई वाहक असेल तर मुलगा वाहक असण्याची शक्यता निम्मी. तिचा सख्खा भाऊ वाहक असण्याचीही निदान निम्मी, आणि त्या भावाच्या मुलीची निदान पाव. म्हणजे ज्या घरातून आई आली आणि ज्या घरातून सूनही येणार, ते घर आजाराच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे. व्हॅलिडिटीच्या वंशावळीत ते घरच नाही. सात पिढ्यांचे काका सापडतात, सख्खा मामा सापडत नाही.

वंशावळ लिहिण्याची ही एकच पद्धत होती असेही नाही. गोंडांच्या वंशावळी परधान, म्हणजे त्यांचे परंपरागत गायक, मुखोद्गत ठेवत आणि किंगरी या वाद्यावर गात. कोणाचे कूळ चार देवांचे, कोणाचे सहाचे, कोणाचे सातचे, हे त्यात असे, आणि त्यावरून सोयरीक कुठे करायची नाही ते ठरे. त्या वंशावळीला शिक्का नव्हता, पण लग्न हा तिचा विषय होता. तपासणीनंतर मिळणाऱ्या सिकलसेल कार्डाचाही विषय तोच आहे. कचेरीतल्या वंशावळीपेक्षा परधानाची वंशावळ त्याला जवळची ठरते.

आता लपवण्याचा प्रश्न. सिकलसेलच्या रुग्णाला दुखण्याशी जुळवून घेताना पाणी पीत राहणे, थंडी टाळणे, ताप अंगावर न काढणे, हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड न चुकवणे एवढे पुरत नाही. कोणाला किती सांगायचे, याचाही रोज हिशेब करावा लागतो. कापूस वेचायला थंडीच्या पहाटे का येत नाही, याचे उत्तर शेजारणीला द्यायचे की नाही? दिव्यांग हक्क कायद्याच्या २०१६ च्या यादीत हा आजार आहे. सवलत हवी तर कागद दाखवा, आणि कागद दाखवला की गावाला कळले. शिबिरात नाव पुकारून कार्डे वाटणाऱ्यांनी ही अडचण आणखी सोपी केली आहे.

त्यातही कार्ड एकाचे असते आणि मजकूर अनेकांचा. मूल रुग्ण निघाले की आई-बापांबद्दल बरेच कळलेले असते, आणि त्यांच्या भावंडांबद्दल शंका सुरू झालेली असते. म्हणून आत्याला कोणी सांगायचे, हा प्रश्न दवाखान्याचा नाही. समुपदेशक रुग्णाच्या संमतीशिवाय तिच्या दारात जाऊ शकत नाही. रुग्णाने सांगितले तर ‘आमच्या घराला डाग लावला’ हे ऐकून घ्यावे लागते. सुपारी फुटण्याआधी दोन्हीकडच्या मुलामुलींना कळावे, गावाला कळू नये, एवढी रेषा पुरेशी आहे. छत्तीस गुणांची पत्रिका मात्र चौकातल्या टपरीवरही उघडली जाते.

काही वेळा रक्त न विचारलेलेही सांगते. दोघा पालकांचे रक्त साधे आणि मूल वाहक, असे निघाले तर नळ्यांची अदलाबदल झाली का हे आधी तपासावे लागते. ती झाली नसेल तर घरात एक जुनी गोष्ट आहे. दत्तक असेल, पहिल्या घरचे लेकरू असेल, किंवा ज्याला नाव नाही असे काही. जाणता समुपदेशक तिथे गप्प बसतो. व्हॅलिडिटीच्या शपथपत्रावर अशा मुलाची फांदी सरळ बापाखाली काढलेली असते, आणि ती तशीच राहते.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचे नाव बापाच्या नावाआधी लिहिले जाते. आईचे नाव म्हणजे नुसते नाव. तिचे माहेरचे आडनाव त्यात येत नाही. ही मुले २०४२ च्या सुमारास बारावी होतील आणि व्हॅलिडिटीच्या रांगेत उभी राहतील. निर्मूलनाच्या मुदतीला तेव्हा पाच वर्षे उरलेली असतील.