आशा म्हणजे बरे होण्याची हमी नव्हे

दीर्घ आजारात माणसाला दोन दुःखे सोसावी लागतात. एक देहाची वेदना आणि दुसरे एकटेपण. पहिल्यावर इलाज शोधण्यासाठी आपण पुण्या-मुंबईपर्यंत धाव घेतो. दुसऱ्याकडे मात्र घरच्यांचेही लक्ष जात नाही. कर्करोगाच्या किंवा पक्षाघाताच्या रुग्णाची खाट हळूहळू आतल्या खोलीत जाते. भेटायला येणारे कमी होतात. जे येतात ते "लवकर बरे व्हाल" असे म्हणतात, चहा घेतात आणि निघतात. रुग्णाला मात्र सारे कळत असते.

अशा वेळी श्रद्धा माणसाला काय देऊ शकते? ख्रिस्ती धर्माने या प्रश्नाला दिलेल्या उत्तराचा आज विचार करू. हे उत्तर चर्चच्या चार भिंतींत राहिले नाही. रुग्णसेवेची एक नवी वाट त्यातून निघाली आणि तिचा लाभ आज सर्व धर्मांच्या रुग्णांना होत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आजार म्हणजे पापाची शिक्षा, असे मानणारे सर्वच समाजांत आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात एका जन्मांध माणसाची कथा आहे. हा अंध जन्मला तो स्वतःच्या पापामुळे की आईबापांच्या, असे शिष्य विचारतात. येशू दोन्ही कारणे नाकारतो. रुग्णाला दोष देण्याची वाट तेथेच बंद होते.

दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. श्रद्धा असली की रोग बरा होतोच, असे काही जण सांगतात. बायबल तसे म्हणत नाही. देहातील एक पीडा दूर व्हावी म्हणून संत पौलाने तीन वेळा प्रार्थना केली, तरी ती गेली नाही. त्याचा सोबती लूक हा वैद्य होता. म्हणून चंगाईच्या सभेत जाऊन मधुमेहाच्या किंवा क्षयाच्या गोळ्या बंद करणे याला श्रद्धा म्हणता येणार नाही. तो जिवाशी खेळ आहे. प्रार्थना जरूर करावी, पण औषध चालू ठेवून.

मग ख्रिस्ती आशा ती कोणती? मित्र लाजरस मरण पावला तेव्हा येशू रडला. अटक होण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत आपल्याबरोबर जागे राहा, अशी विनवणी त्याने तीन शिष्यांना केली. ते झोपी गेले. वधस्तंभावर त्यानेही देवाला, तू मला का सोडलेस, असे विचारले. ज्या देवाने हे एकटेपण स्वतः भोगले तो आजाऱ्याला सोडणार नाही, आणि पुनरुत्थानामुळे मृत्यूनेही सारे संपत नाही, अशी ही श्रद्धा आहे. तिच्यात बरे होण्याची हमी नाही. बरे झालो नाही तरी टाकले जाणार नाही, हा तिचा भरवसा आहे.

पण हा भरवसा रुग्णाला शब्दांनी पटत नाही. कोणीतरी शेजारी बसावे लागते. हे ओळखले इंग्लंडच्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि पुढे डॉक्टर. त्या श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. १९४८ मध्ये कर्करोगाने मरणासन्न झालेल्या एका पोलिश ज्यू निर्वासिताची त्यांनी सोबत केली. जाताना त्याने त्यांच्या भावी कार्यासाठी ५०० पौंड ठेवले. १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभे राहिले. मरणाऱ्या माणसाची वेदना केवळ देहाची नसते. मनाची, कुटुंबाची आणि आत्म्याचीही असते, हा त्यांचा सिद्धांत. वेदना उसळण्याची वाट न पाहता मॉर्फिन ठरलेल्या वेळी द्यावे, ही त्यांची पद्धत जगभर मान्य झाली. आपल्या देशातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे कर्करोगतज्ज्ञ डॉ. एल. जे. डिसोझा यांनी सुरू केले. तेथे रुग्णाचा धर्म विचारला जात नाही.

एकटेपणाचे मरण किती कठीण असते हे २०२० च्या कोरोना साथीत आपण सर्वांनीच पाहिले. अंत्यविधीला वीसच माणसे, रुग्णाजवळ कोणीच नाही. त्या वेळी संसर्गामुळे नाइलाज होता. आज तो नाही. तरीही आपल्या घरात एखादा रुग्ण एकटा पडत असेल, तर दोष साथीला देता येणार नाही.

यासाठी काय करता येईल? रुग्णाला आपल्या आजाराविषयी किती जाणून घ्यायचे आहे हे त्यालाच विचारावे. तो विचारत असताना खोटे बोलू नये. वेदना असह्य असतील तर डॉक्टरांना उपशामक उपचारांविषयी, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअरविषयी स्पष्ट विचारावे. मॉर्फिनचे व्यसन लागेल ही भीती घरच्यांना वाटते. परंतु कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घेताना या भीतीपोटी रुग्णाला तळमळत ठेवणे योग्य नाही. ते रुग्णांना सुलभपणे मिळावे म्हणून २०१४ मध्ये कायद्यातही दुरुस्ती झाली आहे.

ख्रिस्ती कुटुंबांनी पाळकांना किंवा फादरना अगदी अखेरच्या घटकेला बोलावू नये. कॅथलिक पंथातील आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार मरणाऱ्यांपुरताच नाही, गंभीर आजारी असलेल्या सर्वांसाठी आहे. रुग्ण शुद्धीवर असताना, त्याला बोलता येत असताना ही भेट व्हावी.

आजाऱ्याच्या समाचारास जाणे हे ख्रिस्ताने आपली स्वतःची सेवा मानले. वाचक कोणत्याही धर्माचे असोत, हे काम सर्वांना जमण्यासारखे आहे. त्याला पैसा लागत नाही, वैद्यकीय ज्ञान लागत नाही. उपदेशाचीही गरज नसते. खुर्ची खाटेजवळ ओढावी, रुग्णाचा हात हातात घ्यावा आणि घड्याळाकडे न पाहता अर्धा तास बसावे. आपल्या गल्लीत असा कोणी असेल तर या रविवारी अवश्य जावे.