प्रवेशाची साध्यासाध्यता

‘नीट’ परीक्षेचा निकाल लागला की आमच्या चिकित्सालयात रुग्णांबरोबर आणखी एक वर्ग येऊ लागतो. हातात गुणपत्रिका, चेहऱ्यावर चिंता आणि एकच प्रश्न : “वैद्यराज, एवढ्या गुणांत बी. ए. एम. एस. ला कुठे लागेल?” औषधालय चालविणाऱ्या आमच्या बंधूंनाही हा अनुभव नवा नसावा. गावात आयुर्वेदाशी संबंध असलेला माणूस म्हणून पालक आपल्याकडे विश्वासाने येतात. त्या विश्वासाला आपण पात्र आहोत काय, हा प्रश्न या लेखात आम्ही प्रथम स्वतःला आणि मग सभासदांना विचारीत आहोत.

प्रथम स्वतःची चूक सांगतो. २०२४ साली आमच्या तालुक्यातील एका औषधविक्रेत्या स्नेह्यांची कन्या परीक्षेस बसली होती. मुलगी हुशार, इतर मागास प्रवर्गातील, घरचे उत्पन्न बेताचे. आम्ही २०२३ ची प्रवेशयादी काढली. तिचे गुण त्या यादीतील आमच्या भागातील महाविद्यालयांच्या शेवटच्या विद्यार्थ्यापेक्षा चाळीसने अधिक होते. “निश्चिंत राहा, सात महाविद्यालये भरली तरी पुरे,” असे आम्ही छातीठोकपणे सांगितले. पहिल्या फेरीत जागा मिळाली नाही, दुसऱ्या फेरीतही नाही. पुढे धास्तावलेल्या वडिलांनी एका खाजगी महाविद्यालयात संस्थास्तरावरील जागा घेतली आणि दुकानावर कर्ज काढले. त्याच वर्षी जुलैमध्ये, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गांच्या मुलींचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क शासन पूर्णतः भरील, असा निर्णय झाला होता. मात्र तो लाभ केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांना आहे, संस्थास्तरावरील जागेला नाही. आमच्या एका वाक्याची किंमत त्या कुटुंबाला अशी मोजावी लागली. स्नेह्यांनी आम्हाला एका शब्दानेही बोल लावला नाही. म्हणूनच ती गोष्ट अधिक सलते.

चूक कोठे झाली? आम्ही गुण पाहिले, क्रमांक पाहिला नाही. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची किमान रेषा ५० पर्सेंटाइल असते. ती २०२३ मध्ये ७२० पैकी १३७ गुणांवर होती, २०२४ च्या सुधारित निकालात १६२ वर गेली आणि २०२५ मध्ये १४४ वर आली. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी गुण होते. २०२५ ची प्रश्नपत्रिका कठीण निघाली आणि देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यालाही ६८६ च गुण मिळाले. म्हणजे तेच चारशे गुण एका वर्षी एक अर्थ सांगतात आणि दुसऱ्या वर्षी भलताच. ज्वर किती अंशांचा हे पाहून कोणी चिकित्सा ठरवीत नाही. रुग्णाचे बल, काल, देश पाहावे लागतात. गुणांचेही तसेच आहे. गतवर्षीच्या यादीशी तुलना करावयाची ती अखिल भारतीय क्रमांकाची, आणि तीही त्याच प्रवर्गाची व त्याच फेरीची.

त्यातही किती मागे जावे याला मर्यादा आहे. वैद्यकीय प्रवेशांतील ७०:३० हा प्रादेशिक कोटा २०२० मध्ये रद्द झाला. २०२४ मध्ये सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गासाठी १० टक्के आरक्षणाचा कायदा झाला. महाविद्यालयांची आणि जागांची संख्या बदलत राहते. म्हणून दोन-तीन वर्षांपलीकडच्या याद्या आजच्या विद्यार्थ्याला मार्ग दाखवीत नाहीत, भ्रम तेवढा निर्माण करतात.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील महाचतुष्पाद अध्याय आपण सर्वांनी अभ्यासला आहे. व्याधी सुखसाध्य, कष्टसाध्य, याप्य की प्रत्याख्येय हे आधी ठरवावे आणि मगच चिकित्सेस प्रवृत्त व्हावे, ही शिकवण वैद्याच्या अंगी भिनलेली असते. प्रवेशाच्या यादीसही हीच दृष्टी लावावी, असे आम्ही सुचवितो. विद्यार्थ्याचा क्रमांक गतवर्षीच्या पहिल्याच फेरीच्या शेवटच्या क्रमांकापेक्षा बराच वर असेल, तर ते महाविद्यालय सुखसाध्य. पहिल्या व शेवटच्या फेरीच्या दरम्यान असेल, तर कष्टसाध्य. शेवटच्या फेरीच्याही थोडा खाली असेल, तर दुःसाध्य म्हणावे, पण आशा सोडू नये. यादीत तिन्ही प्रकार असावेत आणि सुखसाध्याचा वाटा निदान एक तृतीयांश असावा. आमच्या स्नेह्यांच्या सात महाविद्यालयांत खऱ्या अर्थाने सुखसाध्य असे एकही नव्हते.

मात्र एका ठिकाणी ही उपमा तुटते आणि नेमके तेथेच पालक फसतात. असाध्य व्याधीस हात घातल्यास वैद्याची हानी होते. परंतु आवाक्याबाहेरचे वाटणारे महाविद्यालय यादीत पहिले लिहिल्याने विद्यार्थ्याची काहीच हानी होत नाही. जागावाटपात विद्यार्थी गुणवत्ताक्रमाने घेतले जातात आणि प्रत्येकाच्या यादीतील जी पहिली उपलब्ध जागा असेल ती त्याला दिली जाते. पहिली मिळाली नाही म्हणून दुसऱ्या पसंतीचा हक्क कमी होत नाही. तेव्हा ‘मिळेल ते वर लिहा’ हा सल्ला सर्वस्वी चुकीचा आहे. यादीचा क्रम खऱ्या आवडीचा असावा आणि तिची खोली क्रमांकाला अनुसरून असावी. वरळीचे पोदार किंवा पुण्याचे टिळक आयुर्वेद महाविद्यालय मनात असेल, तर ते संकोच न करता वर लिहावे. त्याखालची यादी मात्र पुरेशी लांब असावी.

यावर काही व्यवसायबंधू म्हणतील, मग सगळीच महाविद्यालये भरून टाकावीत. हे आम्हाला मान्य नाही. जेथे प्रवेश घ्यावयाचा नाही ते नाव लिहू नये, कारण मिळालेली जागा नाकारण्याचे परिणाम फेरीगणिक कठोर होत जातात. ते नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच वाचावेत, गतवर्षीच्या स्मरणावर विसंबू नये. आणि कोठे प्रवेश घेऊ नये हे पालकांना सांगण्यास आपल्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. इमारत, वसतिगृह, जाहिरात हे सर्व पालक पाहतात. बाह्यरुग्ण विभागात सकाळी दहा वाजता खरोखर किती रुग्ण बसलेले असतात, खाटांवर रुग्ण आहेत की केवळ चादरी, पंचकर्म विभागात द्रोणीला तेल लागलेले आहे काय, वनौषधी उद्यानातील झाडे विद्यार्थ्यांना ओळखता येतात काय, हे आपण पाहावयाचे. साडेपाच वर्षांपैकी एक वर्ष आंतरवासितेचे असते. रुग्ण नसलेल्या रुग्णालयात ते वर्ष म्हणजे केवळ स्वाक्षऱ्यांचे वर्ष. अशा ठिकाणी जाण्यापेक्षा विद्यार्थ्याची तयारी व कुटुंबाची कुवत असल्यास पुन्हा परीक्षा देणे बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे. भारतीय चिकित्सापद्धती राष्ट्रीय आयोगाने त्या वर्षासाठी महाविद्यालयास परवानगी दिली आहे काय, हेही यादी भरण्यापूर्वी पाहावे.

आणखी दोन गोष्टी. शासकीय व अनुदानित महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय जागा केंद्रीय समुपदेशन समितीमार्फत भरल्या जातात. त्यासाठी स्वतंत्र नोंदणी लागते आणि अनेक पालकांना ती मुदत संपल्यावर कळते. दुसरी गोष्ट कागदपत्रांची. जात वैधता प्रमाणपत्र, उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र यांसाठी निकालानंतर धावपळ करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खोदणे होय. अकरावीतील मुलाचा पालक औषध घ्यायला आला, तरी त्याला हे आजच सांगावे.

शेवटी एक कटू विषय. विद्यार्थी आणून दिल्याबद्दल काही ठिकाणांहून ‘मानधन’ देऊ केले जाते, हे आपण सर्व जाणतो. आम्हालाही ते देऊ केले गेले आहे. ज्याच्याकडून आपण पैसे घेतो त्याचे महाविद्यालय आपल्या तोंडून सुखसाध्य ठरू लागते; मग सल्ला आणि दलाली यांत अंतर उरत नाही. संघटनेने पुढील सर्वसाधारण सभेत याविषयी ठराव करावा, अशी आमची विनंती आहे. त्याबरोबरच प्रत्येक जिल्हाशाखेने निकालापासून अंतिम फेरीपर्यंत आठवड्यातून दोन सायंकाळी दोन जाणत्या सभासदांना बसवावे. मागील दोन वर्षांच्या याद्या आणि चालू वर्षाची माहितीपुस्तिका समोर असावी, आणि सल्ला विनामूल्य असावा. ज्या शाखेत असे सभासद नसतील तेथील बंधूंनी निदान एवढे करावे : ठाऊक नसल्यास ठाऊक नाही असे सांगावे.

आमच्या स्नेह्यांची कन्या आज मन लावून शिकत आहे. सुट्टीत ती आमच्या चिकित्सालयात येऊन बसते, द्रव्ये ओळखते, प्रश्न विचारते. ती उत्तम वैद्य होईल याविषयी आम्हाला शंका नाही. कर्जाचे हप्ते मात्र तिचे वडील अजून फेडीत आहेत.