वेगळी महाविद्यालये कशासाठी?

२५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. नागपूरच्या धर्मांतराला तेव्हा जवळजवळ दोन वर्षांचा अवकाश होता. लष्करी डेपोच्या आधाराने उभ्या राहिलेल्या या वस्तीत दरवर्षी त्या दिवसाचे स्मरण होते. त्याच वर्षी १७ मे रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या व गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरविल्या होत्या. या दोन घटनांचा एकमेकींशी प्रत्यक्ष संबंध नाही. परंतु दोन्ही देशांत त्यानंतर एकच प्रश्न विचारला जाऊ लागला आणि तो आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतही अधूनमधून डोके वर काढतो. सर्व दारे कायद्याने खुली झाल्यावर बहिष्कृतांनी स्वतःच्या वेगळ्या शिक्षणसंस्था कशासाठी चालवाव्यात? हा प्रश्न विचारणारे मित्र प्रामाणिक आहेत. त्यांचा हिशेब मात्र अपुरा आहे.

अमेरिकेतील तो खटला लढविणारे वकील थर्गुड मार्शल १९३० साली पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठाचे पदवीधर झाले. हे छोटे विद्यापीठ १८५४ मध्ये एका प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने काळ्या तरुणांसाठी स्थापन झाले होते. पुढे मेरीलँडच्या सरकारी विधिविद्यालयाचे दार त्यांच्या वर्णाला बंद होते, म्हणून मार्शल यांनी कायदा शिकला तोही हॉवर्ड या काळ्यांच्याच विद्यापीठात. वेगळेपणाची भिंत पाडणारा माणूस अशा रीतीने वेगळ्या संस्थांनीच घडविला.

डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. मॅसेच्युसेट्समधील बहुसंख्य गोऱ्यांच्या गावात वाढलेला हा मुलगा १८८५ साली टेनेसीतील फिस्क विद्यापीठात गेला. यादवी युद्ध संपताच मिशनरी संघटनेने मुक्त गुलामांसाठी काढलेली ही शाळा. आपल्याच वर्णाचे एवढे शिकणारे तरुण त्याने प्रथम तिथे पाहिले. हार्वर्डच्या पदव्या त्याने नंतर मिळविल्या, पण आपलेपणा लाभला तो फिस्कमध्ये. १९४६ साली बाबासाहेबांनी याच डु बॉइसना पत्र लिहून अमेरिकेतील काळ्या जनतेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती.

बाबासाहेब स्वतः एल्फिन्स्टन, कोलंबिया आणि लंडन येथे शिकले. खुली दारे त्यांच्याइतकी कोणाला मिळाली? तरीही सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक असताना सहकाऱ्यांनी त्यांच्या पाणी पिण्यावरून हरकत घेतली. अशा माणसाने १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि १९५० साली औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय. मराठवाडा तेव्हा निजामी राजवटीतून नुकताच सुटला होता. त्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १९५८ साल उजाडले. मिलिंदचे दार सर्व जातींना खुले होते हे टीकाकारांनी ध्यानात घ्यावे. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिले. इथेच शिकविणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालविले. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटविल्या गेल्या, तेव्हा लढ्याच्या आघाडीवर नागसेनवनातील विद्यार्थी होते. नामांतर १९९४ साली झाले. ज्या वर्गात आपल्या जातीबद्दल खाली मान घालावी लागत नाही, त्या वर्गातच हे बळ येते.

अर्थात या संस्थांवर देवत्व चढविण्याचे कारण नाही. गोऱ्या अध्यक्षाच्या जाचाविरुद्ध फिस्कच्या विद्यार्थ्यांनी १९२५ साली संप केला आणि खुद्द डु बॉइस त्यांच्या बाजूने उभे राहिले. आपल्याकडे पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या कारभारावरून गटबाजी झाली, प्रकरणे कोर्टात गेली. पुढाऱ्यांची भांडणे विद्यार्थ्यांच्या माथी मारणाऱ्यांना जाब विचारलाच पाहिजे; मात्र त्या निमित्ताने संस्थाच मोडीत काढायला टपलेल्यांच्या सुरात सूर मिळवू नये.

आज देहूरोडचा मुलगा लोकलने पुण्याच्या कोणत्याही महाविद्यालयात जाऊ शकतो. राखीव जागा हा त्याचा हक्क आहे. त्यावर आघात झाला तर रस्त्यावर उतरले पाहिजे. पण १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तंत्रशिक्षणाची वाट मोकळी केली, तेव्हापासून दार उघडे आणि उंबरठ्यावर पैशाची मागणी, असा व्यवहार सुरू झाला आहे. पैशाची अडचण निभावली तरी आत काय वाट्याला येते? हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाच्या रोहित वेमुलाने जानेवारी २०१६ मध्ये आणि मुंबईत शिकणाऱ्या डॉ. पायल तडवीने मे २०१९ मध्ये आत्महत्या केली. दोघेही नामवंत संस्थांत, स्वतःच्या गुणवत्तेवर पोचलेले होते.

म्हणून मागणी दोन्हीकडे रेटली पाहिजे. मोठ्या संस्थांत राखीव जागा, वेळेवर शिष्यवृत्ती आणि जातीय छळाची दखल घेणारी यंत्रणा हवी. त्याचबरोबर बहिष्कृतांनी उभारलेल्या लहान महाविद्यालयांना पूर्ण अनुदान, वसतिगृहे आणि कायम नेमणुकीचे प्राध्यापक हवेत. अध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर वर्ग उरकण्याची जी रीत राज्यात पडली आहे, तिचा मार या संस्थांना सर्वांत जास्त बसतो. कारण त्यांचे खरे शिक्षण वर्ग सुटल्यावर, वसतिगृहाच्या ओट्यावर चालत आले आहे. आणि तासावर पैसे घेणारा शिक्षक दुसऱ्या गावचा तास गाठण्यासाठी तेव्हा एस.टी.च्या थांब्यावर उभा असतो.