गोळी तीच, माणूस वेगळा: सीमाभागातल्या शुगर-बीपीच्या रुग्णांचं काय?

बेळगाव : सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जाहीर केली. कर्नाटकातून लगेच आक्षेप आले आणि चर्चा राजकारणातच अडकली. कर्नाटकाची आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहेच. पण दोन्ही योजनांचा मुख्य भर मोठ्या रुग्णालयातल्या उपचारांवर आहे. हार्टअटॅक आला, डायलिसिसची पाळी आली, की कार्ड उपयोगी पडतं. ती पाळीच येऊ नये म्हणून काय करायचं, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहतो.

प्रश्न लहान नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. चोर्ला घाटापलीकडच्या गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक. उच्च रक्तदाब तर देशातल्या साधारण ३५ टक्के प्रौढांना आहे.

तपासणी होते, पुढे काय?

तिशी ओलांडलेल्यांची तपासणी करायची, गोळ्या मोफत द्यायच्या, हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. ठरलेली औषधं, ठरलेला डोस ही पद्धत चुकीची नाही. उलट त्यामुळेच आरोग्य केंद्रात औषध मिळण्याची शक्यता वाढते. पण तो पाया झाला. त्यावर प्रत्येक रुग्णाचं स्वतःचं नियोजन उभं राहायला हवं, आणि तिथेच घोडं अडतं.

आपल्याकडचीच उदाहरणं घेऊ. वडगाव-शहापूरचा विणकर रात्रपाळी करत असेल, तर ‘सकाळी नाश्त्यानंतर गोळी’ या सूचनेला अर्थ उरत नाही. निपाणीची विडी कामगार दिवसभर मांडी घालून बसते, तिला नुसतं ‘चालत जा’ सांगून भागत नाही. पश्चिम खानापुरात ताटात भात जास्त. तो बंद करा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, किती खायचा आणि सोबत काय, हे सांगावं लागतं. कणकुंबीकडच्या पावसात दवाखाना गाठणंच अवघड. तिथे पावसाळ्याआधी जादा गोळ्या हातात हव्यात.

श्रावणातल्या उपवासांचंही तसंच. ग्लिमेपिराइडसारखी गोळी उपाशीपोटी घेतली तर शुगर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. दरदरून घाम, थरथर, चक्कर ही त्याची लक्षणं. डोस बदलायचा की नाही, हे उपवासाआधी डॉक्टरांना विचारायचं, मनाने ठरवायचं नाही. पायाला मुंग्या येणाऱ्या वारकऱ्याने आषाढीला निघण्याआधी पाय तपासून घ्यावेत. संवेदना गेलेल्या पायाला फोड आलेला कळतच नाही.

लक्ष्यही सारखं नसतं

तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी बऱ्याच प्रौढांमध्ये ७ च्या खाली असावी, असं डॉक्टर मानतात. पण अनेक आजार असलेल्या पंचाहत्तरीच्या आजोबांना ८ पर्यंतही चालू शकतं, कारण शुगर एकदम खाली गेली तर ते पडून हाड मोडायची भीती जास्त. तरुण रुग्णाला मात्र ढिलाई परवडत नाही. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासात एचबीए१सी एक टक्क्याने कमी असलेल्यांमध्ये डोळे आणि किडनीच्या गुंतागुंतीचा धोका सुमारे ३७ टक्क्यांनी कमी दिसला.

यासाठी फार महागडं काही लागत नाही. वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची, लघवीतल्या प्रथिनांची, क्रिएटिनिनची आणि पायांच्या संवेदनेची तपासणी. पायाची तपासणी तर नायलॉनच्या एका धाग्याने होते.

कागद कुठल्या भाषेत?

शेवटी हे सगळं रुग्णाला कळलं पाहिजे. केसपेपर इंग्रजीत, माहितीपत्रक कन्नडमध्ये आणि आजी वाचणार मराठी, असं असेल तर नियोजन कागदावरच राहतं. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत, तिथे महत्त्वाची सरकारी माहिती त्यांच्या भाषेत द्यावी, हे तत्त्व केंद्राने मान्य केलेलंच आहे. मराठीतल्या कागदपत्रांसाठी आपण मोर्चे काढतो. त्या यादीत औषधाचं कार्डही यायला हवं.

एक पानी कार्ड पुरे : माझं लक्ष्य किती, गोळी कधी, वार्षिक तपासणी कोणत्या महिन्यात, कुठली लक्षणं दिसली की लगेच दवाखाना. आशाताईंच्या हातून ते घरोघर जाऊ शकतं. ग्रामसभेत हा विषय मांडायला कुठल्याही सरकारच्या परवानगीची गरज नाही.