मोरिओरी ‘संपले’ असं शाळेत शिकवलं, पण ते जिवंत होते! मग आपल्या कातकऱ्यांची गोष्ट कोण लिहिणार?

मावळ तालुक्यातलं सुदुंबरे हे गाव संत संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीसाठी ओळखलं जातं. तुकोबांचे अभंग संताजींनी लिहून ठेवले, असं वारकरी परंपरा सांगते. कुणीतरी जवळच्या माणसाने लिहून ठेवलं, म्हणून ते शब्द पुढच्या पिढ्यांना मिळाले.

पण याच मावळात असाही एक समाज राहतो, ज्याच्याबद्दल बरंच लिहिलं गेलं, पण ते बहुतेक परक्यांनी. हा समाज म्हणजे कातकरी. परक्याने लिहिलेला इतिहास किती महागात पडतो, हे समजून घ्यायचं असेल तर आधी न्यूझीलंडच्या मोरिओरी लोकांची गोष्ट बघावी लागते.

मोरिओरी कोण आहेत?

न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर चॅटम बेटं आहेत. मोरिओरी लोक मुख्य बेटाला ‘रेकोहू’ म्हणतात. इथली हवा इतकी थंड की रताळ्यासारखं पीकही नीट येत नाही. त्यामुळे मासे, सील आणि अल्बट्रॉस पक्षी हाच त्यांचा आधार होता. लव्हाळ्यासारख्या वनस्पतींपासून ते तराफे बनवायचे आणि कोपी नावाच्या झाडांच्या सालीवर माणसांच्या आकृती कोरायचे.

त्यांची सर्वात मोठी ओळख म्हणजे नुनुकू या पूर्वजाने घालून दिलेला नियम. भांडण झालं तर अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीने लढायचं आणि रक्ताचा पहिला थेंब दिसला की थांबायचं. जीव घ्यायचा नाही.

१८३५ मध्ये दोन माओरी टोळ्यांचे सुमारे ९०० लोक जहाजाने बेटावर आले. मोरिओरींनी सभा भरवली आणि नियम मोडायचा नाही असं ठरवलं. पुढे अनेकांची कत्तल झाली, उरलेले गुलाम झाले. तेव्हा सुमारे १,७०० असलेली त्यांची संख्या १८६२ पर्यंत १०१ वर आली.

पुस्तकाने काय केलं?

खरा दुसरा घाव इथे बसला. मोरिओरी हे माओरींहून वेगळे, कमी प्रतीचे लोक होते आणि आता ते नामशेष झाले, अशी कथा न्यूझीलंडच्या शिक्षण खात्याच्या ‘स्कूल जर्नल’ या मुलांच्या मासिकातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पसरली. १९३३ मध्ये टॉमी सॉलोमन वारले तेव्हा ‘शेवटचा मोरिओरी गेला’ असं म्हटलं गेलं. त्यांची मुलंबाळं मात्र होती!

म्हणजे घरात मोरिओरी आजी-आजोबा आणि शाळेत शिकवणार की असे लोक आता नाहीतच. जे लोकच नाहीत, त्यांना जमीन तरी कोण देणार?

वंशजांनी लढा सोडला नाही. २००१ मध्ये वैतांगी न्यायाधिकरणाचा अहवाल त्यांच्या बाजूने आला. २०२० मध्ये सरकारशी करार झाला आणि २०२१ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यात भरपाई होती, माफी होती आणि शाळेतून चुकीचा इतिहास पसरवल्याची कबुलीही होती.

मावळातल्या कातकऱ्यांशी याचा काय संबंध?

कातकरी नामशेष झाले असं कुणी म्हणत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात त्यांची संख्या पावणेतीन लाखांहून जास्त आहे. पण शिक्का त्यांच्यावरही बसला. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. इंग्रजांनी जंगलं राखीव केली आणि हा धंदा मोडला. नंतर इंग्रजांच्याच गॅझेटियरमध्ये त्यांचं वर्णन चोऱ्या करणारे, दारू पिणारे असं झालं. पोट भरायचं साधन कुणी काढून घेतलं, हे मात्र मागे पडलं.

त्यानंतर कोळसाभट्टी आली, मग वीटभट्टी. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं कामावर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा मध्येच सुटते. अनेक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर आहेत. जमिनीचे भाव वाढले की पहिली धास्ती या वाड्यांना.

सध्या सरकार काय करतंय?

महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती ‘विशेष असुरक्षित आदिवासी गटां’त येतात. देशातल्या अशा ७५ गटांसाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘पीएम जनमन’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी सुमारे २४,१०४ कोटी रुपये ठरले. पक्की घरं, रस्ते, नळाचं पाणी, वीज, अंगणवाडी, वसतिगृह, फिरता दवाखाना अशी ११ कामं त्यात आहेत. आधार कार्ड आणि जातीचा दाखला काढून देण्यासाठी शिबिरंही झाली.

ही सगळी कामं गरजेचीच आहेत. पण या ११ कामांत भाषा आणि इतिहास हा वेगळा विषय नाही. कातकरी मुलाची घरची बोली वेगळी, शाळेची मराठी वेगळी. आणि पुस्तकात आपलं माणूस शोधायला गेलं तर ते सहज सापडत नाही.

खरं तर सांगण्यासारखं खूप आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांमध्ये नाग्या महादू कातकरी होते. ज्या जंगलातून कातकऱ्यांना बाहेर काढलं, त्याच जंगलाच्या हक्कासाठी एका कातकऱ्याने जीव दिला.

मोरिओरींना पुस्तकातली एक चूक सरकारकडून कबूल करून घ्यायला जवळपास शंभर वर्षं लागली. इथे तेवढं थांबायची गरज नाही. जंगलातल्या भाज्या, खेकडे, कंद, कात काढायची पद्धत, वाडीवरच्या गोष्टी हे सगळं सांगणारी म्हातारी माणसं वाड्यांवर आजही आहेत. घरकुलाची यादी करायला माणूस वाडीवर जातोच. त्याच्यासोबत या गोष्टी त्यांच्याच बोलीत लिहून घेणारंही कुणीतरी गेलं पाहिजे, आणि ते वाडीतलंच असेल तर उत्तम.